सणाचे सांचे



महोत्सवाच्या पंगतीची तयारी चालली असतां जुन्या सांच्यांविषयीं चार शब्द बोलावे असें आम्हांस वाटलें. विषय स्वयंपाकघरांतला खरा. परंतु ज्या ताटाभोंवतीं सण साजरा होतो, तें ताट धर्मगुरूनें परकें कां मानावें?

आपल्या कुरखेड्यास सांचा नवा नाहीं. होळी आली कीं विदर्भाच्या बाजारांत साखरेच्या गाठी दिसूं लागतात. लाकडी फळींत पदकें कोरलेलीं असतात. त्यांत दोरा ठेवून वर कढत पाक ओततात, आणि पाक थिजला कीं माळ सुटते. होळीस ती मुलांच्या गळ्यांत पडते, पाडव्यास गुढीवर चढते. (आपला उपवासकाळ बहुधा त्याच दिवसांत येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गांत गाठी फुटल्याचा आवाज आला, तर आम्ही तिकडे कानाडोळा करतों!)

हीच विद्या दूरदेशींही आहे. हॉलंडांत संत निकोलसच्या ६ डिसेंबरच्या सणासाठीं मसाल्याच्या बिस्किटांचे लाकडी सांचे कोरीत. आल्सास प्रांतांत पुनरुत्थानाच्या सणाला मातीच्या सांच्यांत कोंकराच्या आकाराचा केक भाजतात. गोव्यांतील घरांनीं नाताळच्या मार्झिपानासाठीं बदामाऐवजीं काजू वाटला. आणि तो काजूही पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून आणलेला.

आज पितळेचे सांचे मोडीच्या भावानें जातात, लाकडाचे दिवाणखान्यांतील शोभेसाठीं. भिंतीवर टांगलेला सांचा आम्हांस तरी मुका वाटतो. सासू सुनेच्या हातीं सांचा देते, तेव्हां पाक कितपत आटवावा हेंही सांगते. सांचा विकला कीं तें सांगणेंही थांबतें.

म्हणून ज्यांच्या घरीं मोदकाचा सांचा, करंजीचें कातणें वा सोऱ्या असेल, त्यांनीं तो या पंगतीसाठीं बाहेर काढावा. तांब्यापितळेच्या सांच्याची कल्हई उडाली असल्यास आधीं करून घ्यावी. शिशानें सांधल्याचा संशय असेल, तर त्यांत अन्न घालूंच नये. लाकडी सांचा भिजत न ठेवतां ओल्या फडक्यानें पुसून सावलींत सुकवावा.

आणखी एक. आपल्या रानांत सागवान आहे, गांवांत सुतार आहेत, घरोघरीं तांदूळ आहे. पिठीगुळाचा उंडा दाबण्यासाठीं कोंकराचा सांचा येथेंच कां कोरूं नये? कोरणारानें सर्व उलटें कोरावें. सांच्यांत जें खोल, तें ताटांत उंच येतें. कान मात्र जाड ठेवावे, नाहींतर काढतांना तेच आधीं मोडतात.