मावशीचा डबा आणि ५६ कोटी

हेडफोन लावलेत ना? आज विषय पैशाचा आहे आणि तो घरातल्यांनी ऐकू नये, असं तुम्हालाच वाटेल. का ते पुढे कळेल.

मी जालन्याचा. बाहेर कुठंही "जालना" म्हणलं की समोरचा दोनपैकी एक गोष्ट बोलतो. वयस्कर माणूस असेल तर "जालना, सोने का पालना". आपल्या वयाचा असेल तर "अरे, ते राहुल वेड्स अंजली!"

विसरला असाल तर सांगतो. ३ ऑगस्ट २०२२. सकाळी सकाळी जालन्यात गाड्यांचा ताफा शिरला. गाड्यांवर लग्नाचे स्टिकर, "राहुल वेड्स अंजली". लोकांना वाटलं वऱ्हाड आलंय. निघालं इन्कम टॅक्स. इथल्या दोन स्टीलवाल्या उद्योगसमूहांवर धाड होती. आता माझा साधा प्रश्न आहे. आदल्या दिवशी नागपंचमी झाली होती. श्रावण चालू. श्रावणात कोणाचं लग्न असतं राव? भिंतीवरचं कॅलेंडर एकदा बघितलं असतं, तरी कोणालाही संशय आला असता. पण वऱ्हाड म्हणलं की आपण जेवण कुठंय एवढंच विचारतो.

तर आयकर खात्याने नंतर जाहीर केलं की ५६ कोटींहून जास्त बेहिशेबी रोकड सापडली. सोनं वेगळं, बातम्यांत ३२ किलोचा आकडा होता. आणि बातम्यांतच आलं की नोटा मोजायला तेरा तास लागले.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला ५६ कोटी म्हणलं की काही दिसत नाही, नुसते शून्य दिसतात. म्हणून मी गणित मांडलं. सगळ्या पाचशेच्या नोटा धरा. ११ लाख २० हजार नोटा. शंभराचं एक बंडल म्हणजे ११,२०० बंडलं. मोजायचं मशीन मिनिटाला हजार नोटा मोजतं म्हणलं, तरी एकट्या मशीनला न थांबता साडेअठरा तास लागतील. आणि वजन? एक नोट साधारण ग्रॅमभराची, म्हणजे झाले ११ क्विंटलच्या वर. इथं मला खरं कळलं. कारण क्विंटल आपल्याला कळतो. ११ क्विंटल सोयाबीन मोंढ्यात नेलं आणि २०२५-२६ चा ५,३२८ चा हमीभाव मिळालाच, तर हातात येतात ५८-५९ हजार. तेवढ्याच वजनाचा कागद होता तो.

बरं, हे सगळं कधी? २०२२ मध्ये. म्हणजे मामा चौकात दहा रुपयांचा चहा पिऊन आपण "भैय्या, स्कॅनर कुठंय" विचारत होतो तेव्हा. माझ्या चहाच्या दहा रुपयांची नोंद आहे, तारीख-वेळेसकट. पगारातून टीडीएस माझ्या आधी पोहोचतो. आणि गंमत बघा, नोटबंदीच्या वेळी, २०१६ ला, देशात जेवढी रोकड फिरत होती त्याच्या दुपटीहून जास्त आज फिरतेय. यूपीआय पण वाढलं, नोटा पण वाढल्या.

यात जालनेकरांना नवल वाटायचं कारण नाही. एकाच वेळी दोन पैसे चालवायची आपल्याला जुनी सवय आहे. निजामाच्या राज्यात होतो आपण. त्याचा स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का. इंग्रजांचा तो कलदार. शंभर कलदारला साधारण ११६ हाली पडायचे. संस्थान १९४८ ला भारतात आलं, तरी हाली पार १९५९ पर्यंत चालत होता. म्हणजे बाजारात भाव सांगितला की लोक विचारायचे, हाली का कलदार? आज आपण विचारतो, कॅश का ऑनलाइन?

आणि या प्रश्नाला लोक "कॅश" म्हणतात तेव्हा आपण लगेच डोळे बारीक करतो. चोर असेल. मागच्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, बंगळुरूत छोट्या दुकानदारांना यूपीआयची उलाढाल बघून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तर बेकरी-चहावाल्यांनी स्कॅनरच काढून टाकले. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर सगळे म्हणे, बघा, टॅक्स चुकवतात. मी गप्प होतो. कारण मला माझी मावशी आठवत होती.

मावशी राहते भोकरदन तालुक्यात. तिची परवानगी घेऊन सांगतोय, फक्त गावाचं नाव घेऊ नको म्हणली. तिच्याकडे मुगाच्या डाळीचा एक डबा आहे. डाळीखाली पिशवी, पिशवीत पैसे. शेळीचं करडू विकलं, निंदायला गेली, भावाने भाऊबीजेला घातले, सगळं त्यात. काकांना पत्ता नाही. काका वाईट नाहीत. पण त्यांच्या हातात पैसा आला की तो खतात जातो नाहीतर मोटरला जातो. मावशीच्या माहेरच्या आहेराला कधीच जात नाही.

८ नोव्हेंबर २०१६. रात्री मोदी टीव्हीवर. दोन दिवसांनी मावशी एसटीने जालन्याला आमच्या दारात. काकांना सांगून आली, दवाखान्यात जायचंय. ब्लाउजमधून पिशवी काढली. पाचशेच्या तेवीस नोटा. साडेअकरा हजार. मी तेव्हा इंजिनिअरिंगला, मी हसत म्हणलं, "मावशी, हा काळा पैसा हाय." ती हसली नाही. म्हणली, "काळा नाही रे, माझा हाय."

सरकारनेच तेव्हा सांगितलं होतं की बायकांनी अडीच लाखांपर्यंत भरले तर विचारपूस होणार नाही. पण सरकारच्या विचारपुशीची भीती होतीच कोणाला? आईने तिच्या खात्यात भरले, मग रांगा लावून लावून काढून दिले. बहुतेक नव्या दोन हजाराच्या गुलाबी नोटा. मावशी खूश, जागा कमी लागते म्हणे. मग १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेने त्या पण परत मागवल्या. डब्यात दोन शिल्लक होत्या. परत एसटी, परत दवाखाना.

मग आली २०२४ ची लाडकी बहीण. महिन्याला दीड हजार, तिच्या स्वतःच्या खात्यात. (सहज सांगतो, या दीड हजाराने ५६ कोटी व्हायला ३१ हजार वर्षं लागतील.) मी फोन केला, म्हणलं आता डबा बंद कर, आरडी काढू, व्याज मिळेल. ती ऐकून घ्यायची आणि पैसे जमा झाले की दुसऱ्या दिवशी सगळे काढून आणायची. तीन महिने मी तिला चक्रवाढ व्याज समजावत होतो. शेवटी ती वैतागली. म्हणली, "अरे, पैसे आले की टुंग करून मेसेज येतो, तो तुझ्या काकाच्या फोनवर. मला कळायच्या आधी त्यांना कळतंय. ते विचारायच्या आत काढावे लागतेत."

खातं तिचं, आधार तिचं, अंगठा तिचा. मोबाइल नंबर काकांचा. फॉर्ममधला एक रकाना. आम्ही असे रकाने दिवसभर बनवतो, त्यावर लाल चांदणी लावतो आणि जेवायला जातो. रकान्यात कोणाचा नंबर पडतो हे बघायला भोकरदनला कोण जातं?

गेल्या दिवाळीत मी तिला सिम घेऊन दिलं, बँकेत जाऊन नंबर बदलला. अर्धा दिवस गेला. बँकेतल्या साहेबांनी दोनदा विचारलं, मालकांना माहीत आहे का. मावशीनेच उत्तर दिलं, "खातेदार मी हाय ना?"

आता तिच्याकडे यूपीआय आहे. पहिल्यांदा वापरायच्या आधी तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "मी काय घेतलं ते तुला दिसतं का?" म्हणलं नाही. "काकाला?" म्हणलं नाही. "सरकारला?" म्हणलं, हो, म्हणलं तर दिसू शकतं. तिने थोडा विचार केला. "सरकारला दिसू दे. ते काय घरी येऊन बोलणार हाय का?"

आरडी सुरू झालीय, पाचशेची. उरलेले हजार अजून काढून आणते. परवा मी फोनवर सहज विचारलं, डब्यात आता किती झाले असतील?

म्हणली, "तू काय इन्कम टॅक्सवाला हायस का रे?"

चला, भेटू पुढच्या भागात.