छताला टांगलेली शकुंतला
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांच्या छंदांवर झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सचिव साहेबांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळ आणि व्याज दोन्ही बरोबर मोजता येतं, त्यामुळे काळजी नसावी. विषय तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गॅरेजच्या छताला एक आगगाडी टांगलेली आहे. कॉलनीतली मुलं रविवारी संध्याकाळी ती पाहायला येतात, आणि मोठी माणसं मुलांना बोलवायच्या निमित्ताने येऊन अर्धा तास थांबतात. ती गाडी कोणती, ती छताला का टांगली आणि कशी टांगली, एवढंच मी सांगणार आहे.

पहिला प्रश्न, गाडी कोणती? ती आपलीच. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज, म्हणजे आपली शकुंतला. इथल्या तिशीच्या आतल्या मंडळींपैकी किती जण तिच्यात बसले असतील, मला शंका आहे. म्हणून थोडी माहिती देतो.

दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. तिकडे मूर्तिजापूरहून दुसरी लाइन अचलपूरला जाते, ती ७६ किलोमीटर. ही लाइन सरकारने बांधली नाही. सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ती मालमत्ता, आणि त्या कंपनीचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीकडे. लाइन टाकली ती तुमच्या-माझ्या आजोबांना कारंज्याला लग्नाला जाता यावं म्हणून नव्हे. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनवर न्यायचा, तिथून मुंबई बंदर, आणि बंदरातून बोटीने मँचेस्टर. गंमत अशी, की जे वाफेचं इंजिन आपला कापूस ओढायचं, तेही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं होतं. ते एप्रिल १९९४ पर्यंत आपल्या लाइनवर राबलं. सत्तर वर्षं! आपल्याला बँकेने अठ्ठावन्न-साठला घरी पाठवलं. त्यानंतर डिझेल इंजिन आलं.

देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी चालवायची मध्य रेल्वे, मालकी मात्र कंपनीची. शेवटच्या काळात बऱ्याच स्टेशनांवर माणूससुद्धा नव्हता. गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. मग गाडी हळूहळू थांबली ती थांबलीच. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं काम सुरू आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरूही झाली. मोठी गाडी येते आहे याचा मला आनंदच आहे. मी जुन्याला कवटाळून बसणारा माणूस नाही. पण जी गाडी गेली तिचा हिशेब कुठे तरी लिहून ठेवायला पाहिजे, असं मला वाटलं. कोणी पुस्तक लिहितं. मला लाकूड आणि पत्रा जास्त जमतो.

छोट्या रेल्वेचं वेड मला लागलं ते पुण्यात. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. मुलगा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा ते प्रथम पाहिलं. सिग्नल पडतो, फाटक लागतं, गाडी थांबते, सगळं हुकमी. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं रेल्वे संग्रहालय आहे, तिथे खरी इंजिनं उभी आहेत. ज्यांच्या घरी नातवंडं आहेत त्यांनी ही दोन्ही ठिकाणं जरूर दाखवावीत.

आता मापाचा हिशेब सांगतो, कारण सगळी मजा तिथेच आहे. जगभर हे शौकीन लोक जी मापं वापरतात, त्यांत एक माप १ ला ८७. म्हणजे खरी वस्तू ८७ फूट असेल तर आपली एक फूट. ७६२ मिलिमीटरला ८७ ने भागा. उत्तर येतं पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास. आणि बाजारात ९ मिलिमीटर रुंदीचे तयार रूळ मिळतात. ते खरं म्हणजे आणखी लहान मापाच्या मोठ्या गाडीसाठी असतात, पण आपल्या शकुंतलेला ते चपखल बसतात. उलट आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. तिला याच मापात १९ मिलिमीटरच्या वर रूळ लागतात, आणि बाजारात मिळतात साडेसोळाचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या गेजवर बेतलेले. म्हणून आपल्याकडे मोठ्या गाडीचं मॉडेल करणाऱ्याला तडजोड करावी लागते. छोट्या गाडीला ती करावी लागत नाही.

मग म्हटलं, अख्खी लाइन करायची तर किती जागा लागेल? ११३ किलोमीटर भागिले ८७, म्हणजे एक किलोमीटर तीनशे मीटर. इतकं मोठं गॅरेज आपल्या सोसायटीत अध्यक्षांचंही नाही. माझ्याजवळ होता आठ बाय चारचा प्लायचा एक बोर्ड. आठ फूट म्हणजे या मापात खरी दोनशे बारा मीटर जमीन. एवढ्यात एक स्टेशन, एक जिनिंगची सायडिंग आणि थोडं शेत बसतं. म्हणून मी पाटी लावली यवतमाळची. मागच्या बाजूला रूळ टेकाडाआड जातो आणि वळून परत येतो. टेकाडाआड गेली की गाडी दारव्ह्याला गेली असं समजायचं. मुलं बिनतक्रार समजतात.

दुसरा प्रश्न, छताला का? घरात जागा नाही हे एक कारण. ते खोटं नाही, पण खरं कारण वेगळं आहे. सौ.ला हृदयाचा त्रास आहे, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या रांगेत बसली आहे, तिच्या परवानगीनेच सांगतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, की रात्री-अपरात्री दम लागला तर वाट पाहायची नाही, लगेच निघायचं. म्हणजे गॅरेजमध्ये कार पाहिजे, आणि ती कोणत्याही क्षणी बाहेर निघाली पाहिजे. मी छंदाची गोष्ट काढली तेव्हा सौ. एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही काहीही करा, पण माझ्या गाडीच्या वाटेत तुमची गाडी यायला नको." ही अट मी कर्जमंजुरीच्या पत्रातल्या अटीसारखी भिंतीवर लिहून ठेवली. पुढचं सगळं त्या एका अटीतून ठरत गेलं.

टेबल बाद, कारण टेबल जागा अडवतं. भिंतीला बिजागरीवर उभा करायचा बोर्डही बाद, कारण उभा केला की टेकाडं, झाडं, स्टेशन सगळं आडवं होणार. राहिलं छत. वर आडवाच जाणार आणि खाली आडवाच येणार.

मिस्तरीला बोलावलं. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं. "साहेब, हे पाटी वर कायले नेता? खालीच बरी हाय ना!" त्याला कारण सांगितल्यावर मात्र त्याने जीव लावून काम केलं.

वजन आधी ठरवलं. १२ मिलिमीटरचा प्लाय जड होतो, म्हणून ९ चा घेतला आणि खाली अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची चौकट दिली. टेकाडं थर्माकोलची. रूळ, वायरी, घरं धरून तयार बोर्ड भरला ४६ किलो. स्लॅबला थेट भोकं पाडली नाहीत. आपल्याच कॉलनीतल्या एका सिव्हिल इंजिनियर मुलाला दाखवलं. त्याच्या सांगण्यावरून दोन लोखंडी अँगल या बीमपासून त्या बीमपर्यंत टाकले, आणि कप्प्या त्या अँगलला लावल्या.

चार कोपऱ्यांना चार पोलादी वायररोप. चारही रोप कप्प्यांवरून एकाच रिळावर येतात. हे महत्त्वाचं. चार जणांनी चार दोऱ्या ओढल्या तर पालखी तिरकी होते. एकाच रिळावर चौघी गुंडाळल्या गेल्या तर बोर्ड सपाट वर जातो. नायलॉनचा दोर स्वस्त, पण तो ताणतो, आणि प्रत्येक कोपऱ्यात वेगळा ताणतो. म्हणून वायररोप. आणि प्रत्येक रोपाला पेच असलेला ताणखिळा आहे. तो पिळून तो कोपरा दोन सूत वर-खाली करता येतो. बोर्डावर पाण्याची लेव्हल ठेवायची आणि पिळायचं.

रीळ फिरवायला मोटर का नाही, असं बरेच जण विचारतात. यवतमाळात राहून हा प्रश्न विचारू नये! पावसाळ्यात वारं सुटलं की पहिली जाते लाइट. बोर्ड खाली आणि लाइट गेली, तर कार अडकली. म्हणून हातानेच फिरवायची विंच घेतली. तीही वर्म गिअरची. त्या गिअरचा गुण असा, की हँडल सोडलं तरी वजन तिला उलटं फिरवू शकत नाही, आहे तिथेच थांबतं. सहा फूट वर न्यायला मला दोन मिनिटं लागतात. माझ्या वयाच्या माणसाला तेवढा व्यायाम बरा.

तरीही नुसत्या रोपावर विसंबायचं नाही. बोर्ड वर गेला की चार कोपऱ्यांना चार साखळ्या अडकवायच्या. बँकेतला माणूस कर्ज देताना तारण पाहतो आणि वर जामीनदारही घेतो. रोप हे तारण, साखळी हा जामीनदार. एकाने दगा दिला तर दुसरा उभा. आणि रंगकाम, रूळकाम सुरू करण्याआधी मोकळ्या बोर्डावर वाळूची पोती ठेवून एकूण वजन १०० किलो केलं आणि रात्रभर टांगून ठेवलं. सकाळी मापलं, कुठेही फरक नाही. मगच खाली कार लावली. बोर्ड वर-खाली होताना खाली कोणीही उभं राहायचं नाही, हा नियम मुलांना पाठ आहे. नवीन पोरगं आलं की जुनी पोरंच त्याला दारापाशी थांबवतात.

आता सजावटीचं थोडं. शेत आपल्या काळ्या मातीचंच आहे. वस्त्रगाळ करून, पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलवर भुरभुरली. थर पातळच, कारण माती जड. पऱ्हाटीच्या बारीक काड्यांची झाडं. जिनिंगच्या अंगणात खऱ्या कापसाच्या गाठी, सुतळीच्या एकेका धाग्याने बांधलेल्या. शकुंतलेचं इंजिन तयार मिळत नाही. तयार चाकांच्या सांगाड्यावर प्लास्टिकच्या शीटचं अंग मी फोटो पाहून चढवलं. १२ व्होल्टवर चालतं. रुळांतली वीज उलटी केली की गाडी उलटी जाते.

यवतमाळचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. छताजवळ तर भट्टी. हिवाळ्याच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत, आठ फूट रूळ जवळजवळ एक मिलिमीटर वाढतो. खऱ्या रेल्वेत रुळांच्या जोडाला फट ठेवतात, तशीच मीही ठेवली. नऊ मिलिमीटरच्या रुळावर एक मिलिमीटर म्हणजे गाडी पडायला पुरेसं. पावसाळ्यात प्लाय फुगू नये म्हणून दोन्ही बाजूंनी आणि कडांना वॉर्निश. वर गेल्यावर धूळ बसू नये म्हणून जुनी चादर. पालींचा बंदोबस्त अजून चालू आहे.

रोज रात्री नऊला बोर्ड वर जातो. पाहुणे असोत, गाडी टेकाडाआड असो, नऊ म्हणजे नऊ. गेल्या पावसाळ्यात एका रात्री दीड वाजता सौ.ला दम लागला. लाइट गेलेली, पाऊस धो-धो. बॅटरीच्या उजेडात गॅरेज उघडलं, कार काढली, आणि दवाखान्यात वेळेवर पोहोचलो. शेजारचे जोशीबुवा गेट उघडायला भिजत उभे होते, ते मी विसरणार नाही. परत आलो तेव्हा सकाळ झाली होती. बोर्ड वर, साखळ्या लागलेल्या, सगळं जागच्या जागी. त्या रात्री त्या यंत्राने काहीच केलं नाही, ते फक्त वाटेत नव्हतं. त्याच्याकडून मला एवढंच हवं होतं.

शेवटी एक विनंती. मुलं मला विचारतात, आजोबा, ही गाडी खरंच होती का? त्यांच्यासाठी ती गोष्टीतली गाडी आहे. मी त्यांना दोन्ही बाजू सांगतो. आपला कापूस बाहेर नेण्यासाठीच ती आली होती, आणि तरी सत्तर-ऐंशी वर्षं गरीब माणसाला परवडणारी ती एकच गाडी होती. दोन्ही खरं आहे.

माझं वय आता सत्तरीच्या पुढे. हँडल किती दिवस फिरवीन, सांगता येत नाही. संस्थेच्या सभागृहाचं छत अकरा फुटांचं आहे. बीम चांगले आहेत, मी पाहून ठेवले आहेत. कार्यकारिणीची संमती असेल तर हा बोर्ड, विंच, साखळ्या सगळं संस्थेला द्यायची माझी इच्छा आहे. कार्यक्रम असेल तेव्हा वर, रविवारी खाली. खर्च माझा. अट एकच, की दोन तरुण सभासदांनी माझ्याकडून ते चालवायला आणि तपासायला शिकून घ्यावं. दर सहा महिन्यांनी रोप, पेच आणि साखळ्या तपासून वहीत सही करायची. वही मी आखून ठेवली आहे. नावं सचिव साहेबांकडे द्यावीत.

पंधरा मिनिटं झाली.