कागद दोघांच्याही पिशवीत

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

मैत्रिणींनो, कुणी दुपारची कामं आटोपून बसली असेल, कुणी तूर निवडता निवडता ऐकत असेल. हात चालू द्या, कान इकडे असू द्या.

मी छत्रपती संभाजीनगरला क्रांती चौकाजवळ राहते. माहेर पैठण तालुक्यातलं. सव्वीस वर्षं झाली, घरीच ब्लाऊज शिवते. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त झालेत. मागच्या डिसेंबरात आम्ही दोघं आठ दिवस व्हिएन्नाला जाऊन आलो. व्हिएन्ना म्हणजे युरोपातल्या ऑस्ट्रिया देशाची राजधानी. आल्यापासून जी भेटेल ती विचारते, बर्फ पाहिला का, महाल पाहिला का, खर्च किती आला? सगळं सांगते. पण या प्रवासातली एक गोष्ट अशी आहे, की जी परदेशी जाणार नाही तिच्याही रोजच्या कामाची आहे. ती नीट ऐका.

आधी पैशाचं. आम्ही कर्ज काढलं नाही. पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव असते, आपण तिला आरडी म्हणतो. तीन हजारांची एक यांच्या नावावर आणि तीन हजारांची एक माझ्या नावावर काढली. माझे हप्ते शिवणाच्या पैशातून गेले. पाच वर्षांनी व्याजासकट दोघांचे मिळून चार लाखांच्या वर झाले. लोक म्हणाले, "या वयात कशाला? त्यापेक्षा घरावर पत्र्याची खोली चढवा." खोली पुढेही चढेल. गुडघे मात्र दरवर्षी थोडे थोडे उतरतात.

व्हिएन्नाच का? माझ्याकडे ब्लाऊज टाकणाऱ्या एका ताईंची मुलगी तिथे शिकायला होती. ती म्हणाली, "मावशी, दहा दिवसांत सात देश असं पळू नका. एकच शहर धरा. ट्रामनं फिरा, दमलात की बसा." ते आम्हाला पटलं.

मग पासपोर्ट. आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, आपल्या शहरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, आणि मोठ्या माणसाचा पासपोर्ट १० वर्षं चालतो. अर्ज भरला की पोलीस चौकशी होते. नाव आणि जन्मतारीख सगळ्या कागदांवर सारखी असली की काम सोपं जातं. आणि बायांनो, लग्नानंतर पासपोर्टसाठी नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. माहेरचं नाव ठेवायचं असेल तर ठेवता येतं.

व्हिसासाठी मात्र मुंबईला गेलो. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं निघालो आणि सकाळी पोचलो. युरोपातल्या २९ देशांचा मिळून एक व्हिसा असतो, त्याला शेंगेन म्हणतात. फी माणशी ९० युरो, आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. म्हणून "व्हिसा नक्की करून देतो" म्हणणाऱ्या एजंटवर विश्वास ठेवू नका. तो कुणाच्याच हातात नसतो. बोटांचे ठसे घेतात, बँकेचं स्टेटमेंट बघतात, जाण्यायेण्याचं तिकीट बघतात. शिवाय निदान ३०,००० युरोंचा प्रवासातल्या आजारपणाचा विमा लागतो. तो नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही.

इथे मी एक हट्ट धरला. सगळ्या कागदांचे दोन संच केले. पासपोर्टची झेरॉक्स, विम्याचा कागद, हॉटेलचा पत्ता, परतीचं तिकीट. एक संच यांच्या बॅगेत, एक माझ्या पर्समध्ये. वर एक चिठ्ठी लिहिली: यांना शुगर आहे, बीपी आहे, गोळ्या या, वेळा या, रक्तगट हा. तशीच एक माझी. हे हसले. म्हणाले, "अगं, मी आहे ना बरोबर!" मी म्हटलं, "अहो, आमच्या बचत गटाचं खातं एकीच्या सहीवर चालत नाही. मग घराचं सगळं एकट्याच्या माहितीवर का चालावं?" त्यावर ते काही बोलले नाहीत, पण संच दोन झाले.

थंडीची तयारी अशी. आत अंगाला घट्ट बसणारे उबदार कपडे, वर स्वेटर, त्यावर लांब कोट, कानटोपी, हातमोजे. कोट दोन्ही ओळखीच्यांकडून मागून आणले. साडी मी दोनदा नेसले, खाली लोकरी पायमोजे घालून. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. तिथल्या थंडीनं त्यांची तब्येत फार खालावली. परत आल्यावर १८८७ मध्ये गेल्याच, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी. तेव्हा थंडीला हलकं समजू नका. आणि खाण्याचं म्हणाल तर शेंगदाण्याची चटणी, भाजणी, पोहे नेले. तूप, पेढे, खवा नेऊ नका. दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत.

आम्ही पोचलो २४ डिसेंबरला. चार वाजता सूर्य मावळला! नाताळ म्हणून दुकानं दुपारीच बंद झालेली, पुढचे दोन दिवसही सुट्टीच. त्या रात्री चटणी आणि पोहे कामाला आले.

दुसऱ्या दिवसापासून फिरायला लागलो. तिथल्या भुयारी रेल्वेच्या दाराशी आडवं फाटक नाही, ट्राममध्ये कंडक्टर नाही. तिकीट आपण काढायचं, मशीनमध्ये त्यावर शिक्का मारायचा आणि बसायचं. यांची आख्खी नोकरी तिकिटं फाडण्यात गेलेली. म्हणाले, "असं कसं चालतं गं? आपल्याकडे एसटी दोन दिवसांत दिवाळखोर होईल." तिसऱ्या दिवशी साध्या कपड्यातले तपासनीस चढले तेव्हा यांचा जीव भांड्यात पडला. आमचं तिकीट यांनी इतक्या मानानं दाखवलं की तो तपासनीसच हसला.

शहराच्या मधोमध रुंद गोल रस्ता आहे, तिथे त्याला रिंग म्हणतात. पूर्वी त्या जागी शहराचा तट होता. १८५७ साली तिथल्या बादशहानं तट पाडून रस्ता करायचा हुकूम दिला. सन ऐकून मी थबकले. त्याच साली आपल्याकडच्या घोडदळातल्या शिपायांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं होतं. त्यांना काळ्या चबुतऱ्याजवळ मृत्युदंड दिला, त्यावरूनच आपला क्रांती चौक. सन एकच, पण तिकडे रस्ता बांधायला काढला आणि इकडे माणसं मारली.

आता पाणी. बायांनी ऐकावं असं ते आहे. हॉटेलात मी पिण्याच्या पाण्याची बाटली मागितली, तर तिथल्या मुलीनं नळाकडे बोट दाखवलं. हेच पाणी प्या म्हणाली. त्या शहराला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली पाण्याची वाट १८७३ साली सुरू झाली, दुसरी १९१० साली. दुसरी तर १८० किलोमीटर लांब आहे, आणि पाणी नुसत्या उतारानं वाहत शहरात येतं. आधी तिथे कॉलरा, टायफॉइडनं माणसं मरत. चांगलं पाणी आलं तसे हे आजार हटले. मला आपली पाणचक्की आठवली. डोंगरातलं पाणी उतारानं शहरात आणायची विद्या मलिक अंबरच्या काळात, म्हणजे चारशे वर्षांपूर्वी आपल्याकडे होतीच. त्यांनी आपली वाट जपली. आपण ती सोडली आणि नळाच्या दिवसाची वाट बघत बसलो. पाणी कुठून यावं, कधी यावं, हे ग्रामसभेत बाईनं विचारलंच पाहिजे. हंडा तिच्या डोक्यावर असतो.

शोनब्रुन नावाचा महाल पाहिला. १४४१ खोल्या आहेत म्हणे, आपल्याला त्यातल्या थोड्याच दाखवतात. तिथे मारिया थेरेसा नावाची राणी होती. सोळा मुलं झाली आणि चाळीस वर्षं राज्य केलं. आपल्या अहिल्याबाई होळकर त्याच काळातल्या. फरक एवढाच, की राणीचा महाल बघायला तिकीट लागतं आणि अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेल्या वेरूळच्या घृष्णेश्वराला आपण फुकट जातो.

महालापुढे बाजार भरला होता. भाजलेले चेस्टनट, बटाट्याची धिरडी, गरम फळांचं सरबत. सरबत मागताना सांभाळून, बहुतेकांत दारू असते. लहान मुलांचं मागितलं की बिनदारूचं मिळतं. मगाचे पैसे आधी घेतात, मग परत दिला की पैसे परत.

आणि तिथेच ते घडलं. फरशीवर पाणी गोठलं होतं. यांचा पाय सरकला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. चेहरा पांढरा फटक, घाम, तोंडातून शब्द नाही. मला वाटलं छातीचंच काही आहे. मैत्रिणींनो, सात समुद्रापलीकडे, भाषा येत नाही, आणि ज्याच्या मागे मागे चौतीस वर्षं चालले तो माणूस जमिनीवर.

बाजारातल्या एका बाईनं खुर्ची आणली, दुसऱ्या कुणी फोन केला. रुग्णवाहिका आली. त्या माणसानं विचारायला सुरुवात केली. मी फोनमधल्या भाषांतराला मराठीत बोलत होते, तो त्यातून जर्मन वाचत होता. आजार कोणते? गोळ्या कोणत्या? आज घेतल्या का? विमा कुठला? मी पर्समधून चिठ्ठी काढून त्याच्या हातात ठेवली, पाठोपाठ पासपोर्टची झेरॉक्स आणि विम्याचा कागद. शुगरचं कळल्यावर त्यानं आधी बोटाला टोचून तेच तपासलं. दवाखान्यात एक्स-रे झाला. मनगटाला चीर गेलेली, हृदय ठणठणीत. प्लास्टर घातलं. विम्याच्या कागदावरच्या नंबरला मी त्याच संध्याकाळी फोन लावला. प्रत्येक पावती, तपासणीचा कागद, औषधाची चिठ्ठी जपून आणली. म्हणून इकडे आल्यावर पैसे मिळाले.

नंतर मी विचार केला. ती चिठ्ठी नसती तर? विम्याचा नंबर फक्त यांनाच ठाऊक असता तर? शुद्धीवर असलेल्या माणसालाही दुखण्यात काही आठवत नाही. बेशुद्ध असता तर विचारायचं कुणाला?

उरलेले दिवस आमचा कारभार उलटा झाला. यांच्या कोटाची बटणं मी लावायची, ताटातलं मी कापून द्यायचं. नकाशा माझ्या हातात, पैशाचं कार्ड माझ्या हातात. कुठे उतरायचं ते मी सांगायची आणि हे माझ्या मागून यायचे. एकदा म्हणाले, "तुला रस्ते कळतात की!" कळत होतेच. विचारलं कधी होतं कुणी?

३१ डिसेंबरच्या रात्री मोठ्या चर्चची पुमेरिन नावाची घंटा वाजली. वीस टनांहून जड आहे. मूळची घंटा १६८३ च्या वेढ्यात तुर्कांनी मागे टाकलेल्या तोफा वितळवून केली होती. ती १९४५ च्या आगीत पडून फुटली, आताची १९५१ साली ओतलेली. घंटा थांबताच वाद्यसंगीत सुरू झालं आणि रस्त्यात जोडपी नाचायला लागली. नुसती तरुण नव्हेत, काठी टेकणारे आजी-आजोबाही. आम्ही गर्दीच्या कडेला उभे होतो. यांनी डावा हात पुढे केला. नाच कुणाला येतो? दोन गिरक्या घेतल्या, झालं. माझ्या आईवडिलांनी उभ्या आयुष्यात चारचौघांत एकमेकांचा हात धरला नसेल.

आता कामाचं बोलते. तुम्ही व्हिएन्नाला जा, नाही तर पंढरपूरला जा, नाही तर कुठेच जाऊ नका. पण पुढच्या बैठकीला एक कोरी वही घेऊन या. त्यात लिहा: घरधन्याची औषधं आणि तुमची औषधं. दोघांचा रक्तगट. बँकेची खाती कुठे, वारस म्हणून कुणाचं नाव. विमा कुठला, नंबर काय, हप्ता कधी. सातबारा कुणाच्या नावावर. कर्ज किती, कुणाचं. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी शेजारणीनं लिहावं. आणि ११२ हा नंबर पाठ करा. अडीअडचणीला आपल्याकडेही तो लागतो, युरोपातही तोच आहे.

ही वही घरधन्यावरचा अविश्वास नाही. तो पडला तर त्याला उचलायला लागणारा हात म्हणजे ही वही. त्याच्याकडे काय कुठे आहे हे तुम्हाला माहीत हवं, आणि तुमचं त्याला. माणूस क्रांती चौकात पडला काय किंवा परदेशात, पहिले पाच प्रश्न सारखेच असतात.

आणि जमलं तर गटात प्रवासाची एक वेगळी पेटी ठेवा, महिन्याला पन्नास रुपये का होईना. पहिली सहल वेरूळची करा. तिकिटं बायांनी काढायची, हिशोब बायांनी ठेवायचा. घरचे पुरुष आले तर येऊ द्या, पण कागदांचा एक संच तुमच्याच पिशवीत असू द्या.