साखरेच्या वाटेने आलेले साम्राज्य

(एका वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



‘अमेरिकेचा सागरपार सत्ताविस्तार’ हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय अफाट आहे. तासाभराच्या व्याख्यानात क्युबापासून इराकपर्यंतची यादी वाचून दाखवता येईल, पण यादी ऐकून कोणाचे समाधान होत नाही. म्हणून आज मी प्रामुख्याने एकाच देशाची कथा सांगणार आहे. तो देश आज नकाशावर स्वतंत्रपणे दिसत नाही.

पर्ल हार्बर हे नाव आपणा सर्वांना ७ डिसेंबर १९४१ च्या जपानी हल्ल्यामुळे ठाऊक आहे. पण अमेरिकेचा हा आरमारी तळ अमेरिकेच्या किनाऱ्यापासून जवळजवळ चार हजार किलोमीटर दूर, प्रशांत महासागराच्या मध्यावर कसा काय होता, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ते बंदर हवाईच्या राज्याचे होते. हे राज्य कोणत्याही रणांगणावर हरले नाही. तरीही ते गेले. कसे गेले, ते पाहण्यासारखे आहे.

हवाई म्हणजे रानटी टोळ्यांची बेटे, असा समज चित्रपटांनी करून दिला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १८१० पर्यंत पहिल्या कामेहामेहा राजाने सर्व बेटे एका छत्राखाली आणली होती. १८४० मध्ये या राज्याने लिखित राज्यघटना स्वीकारली. १८४३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी संयुक्त घोषणेद्वारे त्याचे स्वातंत्र्य मान्य केले आणि १८४९ मध्ये अमेरिकेनेही त्याच्याशी रीतसर मैत्रीचा तह केला. होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यात विजेचे दिवे लागले, तेव्हा वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमध्ये ते लागायचे होते. तेव्हा ‘मागासांना सुधारण्यासाठी आम्ही गेलो’ हा युक्तिवाद येथे प्रारंभीच लंगडा पडतो.

अमेरिकेचे पहिले पाऊल पडले ते धर्मप्रचारकांच्या रूपाने. बॉस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेचे मिशनरी १८२० मध्ये हवाईत उतरले. या संस्थेशी आपलाही जुना परिचय आहे. हिचेच मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले होते, पुढे अहमदनगरला स्थिरावले आणि १८४२ मध्ये त्यांनी ‘ज्ञानोदय’ सुरू केला. मुंबईत कंपनी सरकारने त्यांना परत धाडण्याचा घाट घातला होता, कारण आपल्या राज्यात दुसऱ्या कोणाची लुडबुड कंपनीला नको होती. हवाईत त्यांना अडवणारे कोणी नव्हते. किंबहुना तेथील ‘कपू’ ही पुरातन धर्मनियमांची व्यवस्था राजघराण्याने स्वतःच १८१९ मध्ये मोडून टाकली होती. मिशनरी पोहोचले ते त्यानंतर काही महिन्यांनी. घराचा जुना खांब घरच्यांनीच काढला होता आणि नवा अजून उभा राहायचा होता, अशा नेमक्या वेळी हे पाहुणे दारात आले.

त्या पहिल्या पिढीच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. त्यांनी हवाईयन भाषेला लिपी दिली, छापखाना काढला, शाळा काढल्या. अल्पावधीत तेथील प्रजा वाचू-लिहू लागली. मात्र त्याच पिढीतील काही जण राजाचे सल्लागार आणि मंत्री झाले, काहींनी मिशन सोडून व्यापारी पेढ्या काढल्या. त्यांच्या मुला-नातवंडांनी बायबलपेक्षा खतावणीत अधिक लक्ष घातले. बेटांच्या अर्थकारणावर पुढे ज्या पाच पेढ्यांचे वर्चस्व राहिले, त्यांपैकी ‘कॅसल अँड कुक’ ही मिशनच्याच दोन माजी कार्यकर्त्यांनी १८५१ मध्ये स्थापन केलेली.

आता जमिनीचा मुद्दा. हवाईत जमीन खासगी मालकीची नसे. राजा, सरदार आणि रयत यांचे तिच्यावर परस्परांत गुंतलेले हक्क असत. १८४८ च्या ‘महेले’ या वाटणीने जमिनीचे पाश्चात्त्य पद्धतीचे मालकीहक्क निर्माण केले. रयतेने आपला दावा नोंदवायचा, मोजणी करून घ्यायची, साक्षीदार आणायचे, अशी व्यवस्था होती. परिणामी सामान्य रयतेच्या पदरी एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन पडली. १८५० मध्ये परकीयांनाही जमीन खरेदीची मुभा मिळाली. कायदा राजाच्या सहीचा होता, सल्ला मात्र परदेशी होता. त्यातच गोवर, देवी यांसारख्या बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ प्रजा झपाट्याने घटत होती. १८९० च्या जनगणनेत मूळचे आणि मिश्र रक्ताचे मिळून जेमतेम ४० हजार हवाईयन उरले होते.

या मोकळ्या जमिनीवर ऊस उभा राहिला. उसाला गिऱ्हाईक एकच, अमेरिका. १८७६ मध्ये अमलात आलेल्या व्यापारी कराराने हवाईची साखर अमेरिकेत जकातमुक्त झाली आणि पुढील पंधरा वर्षांत निर्यात सुमारे दहा पटींनी वाढली. मळ्यांवर राबायला चिनी, पोर्तुगीज आणि जपानी मजूर आणले गेले. देशाची सारी भिस्त एका पिकावर आणि एका बाजारपेठेवर बसली. आपल्या ऊसपट्ट्यातील मंडळींना मी यावर अधिक काय सांगावे! १८८७ मध्ये या कराराचे नूतनीकरण झाले तेव्हा अमेरिकेने किंमत मागितली. पर्ल हार्बरच्या वापराचा अनन्य हक्क ही ती किंमत. पर्ल हार्बर अमेरिकेच्या हाती प्रथम आले ते असे, साखरेच्या जकातीच्या मोबदल्यात.

त्या वेळी गादीवर असलेला राजा कलाकाउआ याला हे दिसत नव्हते, असे मुळीच नाही. १८८१ मध्ये त्याने जगप्रदक्षिणा केली. जपानमध्ये सम्राट मेजी यांच्यापुढे त्याने आशियाई राष्ट्रांचा संघ स्थापण्याची कल्पना मांडली, आपल्या भाचीचा जपानी राजपुत्राशी विवाह सुचवला. जपानने दोन्ही गोष्टी सौजन्यपूर्वक नाकारल्या. याच प्रवासात तो हिंदुस्थानातही आला होता. त्याला धोका समजत होता, पण त्यावर उपाय करण्याचे बळ त्याच्यापाशी नव्हते. शिवाय स्वतःचा दरबारी थाट आणि कर्ज यांमुळे त्याने टीकाकारांच्या हाती कोलीतही दिले होते, हे सांगितले पाहिजे.

जुलै १८८७ मध्ये गोऱ्या मळेवाल्यांच्या सशस्त्र पथकाच्या धाकाखाली कलाकाउआला नव्या घटनेवर सही करावी लागली. हवाईचा इतिहास तिला ‘संगिनीची घटना’ म्हणतो. तिचा प्रमुख शिल्पकार लॉरिन थर्स्टन हा मिशनऱ्यांचा नातू. या घटनेने राजाचे अधिकार मंत्रिमंडळाकडे गेले. वरिष्ठ सभागृहाच्या मतदानासाठी मालमत्तेची आणि उत्पन्नाची अशी अट घातली गेली की, बहुसंख्य हवाईयन आपोआप बाहेर पडले. चिनी-जपान्यांना मताधिकारच नव्हता. अमेरिकन आणि युरोपीय रहिवाशांना मात्र हवाईचे नागरिकत्व न घेताही मत देता येऊ लागले. स्वतःच्या देशात मूळ रहिवाशाचे मत गेले आणि परक्याला ते मिळाले.

१८९१ मध्ये कलाकाउआ वारला आणि त्याची बहीण लिलिउओकलानी राणी झाली. ‘अलोहा ओए’ हे जगप्रसिद्ध गीत हिचेच. त्याच सुमारास अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने सर्वच देशांच्या साखरेवरील जकात उठली आणि अमेरिकेतील उत्पादकांना पौंडामागे दोन सेंटचे अनुदान मिळू लागले. हवाईच्या साखरेचा विशेष लाभ एका फटक्यात संपला. हवाईच अमेरिकेत गेले, तर ते अनुदान आपल्यालाही मिळेल, हा हिशेब मळेवाल्यांना कोणी शिकवावा लागला नाही.

१४ जानेवारी १८९३ रोजी राणीने प्रजेचे हक्क परत देणारी नवी घटना जाहीर करण्याचा प्रयत्न केला. तिच्या मंत्र्यांनीच सह्या करण्यास नकार दिला आणि तिने माघार घेतली. परंतु निमित्त मिळाले होते. तेरा जणांची एक ‘सुरक्षा समिती’ स्थापन झाली. तिने अमेरिकेचे वकील जॉन स्टीव्हन्स यांच्याकडे संरक्षण मागितले. १६ जानेवारीच्या सायंकाळी ‘बॉस्टन’ या युद्धनौकेवरून १६२ नौसैनिक होनोलुलूत उतरले. अमेरिकन नागरिकांच्या जीवित-वित्ताच्या रक्षणासाठी, असे कारण होते. त्यांनी तळ मात्र ठोकला तो अमेरिकनांच्या घरांपाशी नव्हे, तर राजवाडा आणि सरकारी कचेरी यांच्या समोर. दुसऱ्या दिवशी राजसत्ता रद्द झाल्याची घोषणा झाली आणि स्टीव्हन्स यांनी हंगामी सरकारला तत्काळ मान्यता दिली. या सरकारचा प्रमुख सॅनफर्ड डोल हा मिशनऱ्याचा मुलगा. राणीने रक्तपात टाळण्यासाठी सत्ता सोडली, पण सोडताना निषेधपत्रात मोठ्या चातुर्याने लिहिले की, आपण शरण जात आहोत ते या बंडखोरांना नव्हे, तर अमेरिकेच्या वरचढ बळाला, आणि तेही अमेरिकन सरकार आपल्या प्रतिनिधीची कृती रद्द करीपर्यंत. दोन आठवड्यांनी स्टीव्हन्स यांनी आपल्या सरकारला कळवले की, हवाईची नासपती आता पूर्ण पिकली आहे, ती तोडण्याची हीच सुवर्णघटिका आहे.

यानंतर जे घडले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नवे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी विलीनीकरणाचा तह सिनेटमधून मागे घेतला, जेम्स ब्लाउंट यांना चौकशीसाठी पाठवले आणि १८ डिसेंबर १८९३ रोजी काँग्रेसला दिलेल्या संदेशात, अमेरिकेच्या प्रतिनिधीच्या सहभागाने एका मित्रराष्ट्राचे सरकार उलथवले गेले, ही युद्धसदृश कृती होती, असे स्पष्ट मान्य केले. राणीला पुन्हा गादीवर बसवा, असा निरोप गेला. डोल यांनी उत्तर दिले की, आमच्या अंतर्गत कारभारात अमेरिकेने ढवळाढवळ करू नये! ज्यांचे राज्य अमेरिकन संगिनींच्या सावलीत जन्मले, त्यांनी सार्वभौमत्वाची ही भाषा करावी, याला काय म्हणावे? क्लीव्हलँड बळ वापरायला धजले नाहीत. जे सैन्य राज्य घालवताना एका सायंकाळी उतरू शकले, ते परत देण्यासाठी उतरले नाही. १८९५ मध्ये राणीच्या निष्ठावंतांचा उठाव फसला. तिला तिच्याच राजवाड्यातील एका खोलीत कैदेत ठेवण्यात आले. पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, शाळांचे माध्यम इंग्रजी करण्यात आले.

क्लीव्हलँड यांच्या जागी मॅकिन्ली आले आणि १८९७ मध्ये तह पुन्हा सिनेटपुढे गेला. तेव्हा हवाईयन स्त्री-पुरुष बेटाबेटांवर, गावोगाव फिरले आणि विलीनीकरणाविरुद्धच्या अर्जावर २१ हजारांहून अधिक सह्या गोळा केल्या. ४० हजारांच्या समाजात २१ हजार! चार प्रतिनिधी तो अर्ज घेऊन वॉशिंग्टनला गेले, सिनेटरांना भेटले. तहाला लागणारे दोन-तृतीयांश मताधिक्य जमेना. तह अडला. निःशस्त्र लोकांनी, केवळ सह्यांच्या बळावर.

पण १८९८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे स्पेनशी युद्ध जुंपले. १ मे रोजी डुई यांच्या आरमाराने फिलिपीन्समधील मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश ताफा बुडवला आणि सॅन फ्रान्सिस्कोहून मनिलाला निघालेल्या सैन्याला वाटेत कोळसा हवा झाला. तह होत नाही ना, मग संयुक्त ठराव करा. त्याला साधे बहुमत पुरते. टेक्साससाठी १८४५ मध्ये हीच वाट चोखाळली होती. ७ जुलै १८९८ रोजी मॅकिन्ली यांनी ठरावावर सही केली आणि हवाई खालसा झाले.

फिलिपीन्सचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. तेथे स्पेनविरुद्ध लढणाऱ्या आगिनाल्डो यांनी १२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्य घोषित केले होते. डिसेंबरच्या पॅरिस तहात मात्र स्पेनने तो देश दोन कोटी डॉलरला अमेरिकेच्या स्वाधीन केला. फिलिपिनो प्रतिनिधीला चर्चेत स्थान नव्हते. फेब्रुवारी १८९९ मध्ये युद्ध पेटले. त्यात सुमारे चार हजार अमेरिकन सैनिक आणि वीस हजार फिलिपिनो सैनिक मेले. दुष्काळ आणि पटकी धरून दोन लाखांवर नागरिक दगावले. मार्क ट्वेन, अँड्र्यू कार्नेगी यांसारख्या अमेरिकनांनीच या युद्धाचा कडाडून निषेध केला, हेही नमूद करायला हवे. बंदुकीपाठोपाठ १९०१ मध्ये ‘थॉमस’ जहाजातून पाचशेच्या आसपास शिक्षक उतरले आणि इंग्रजी शाळा सुरू झाल्या. १९४६ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, परंतु पुढच्याच वर्षी लष्करी तळांचा करार ९९ वर्षांसाठी झाला. पुढे ती मुदत घटवण्यात आली. १९९१ मध्ये फिलिपीन्सच्या सिनेटने नवा करार फेटाळला आणि १९९२ मध्ये अमेरिकन आरमार सुबिक बंदरातून निघून गेले. चीनचा दबाव वाढताच २०१४ च्या कराराने अमेरिकन सैन्याला पुन्हा प्रवेश मिळाला आणि २०२३ मध्ये अशा ठिकाणांची संख्या नऊवर गेली. या वेळी आमंत्रण यजमानाचे आहे, हा फरक लक्षात घ्यावा. शेजारी बलाढ्य झाला की दुसऱ्या बलाढ्याला बोलवावे लागते. लहान राष्ट्रांची ही कोंडी कलाकाउआलाही चुकली नव्हती.

हवाईकडे परत येतो. १९५९ मध्ये ते अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. २३ नोव्हेंबर १९९३ रोजी, राज्य उलथवल्याच्या शताब्दी वर्षात, अध्यक्ष क्लिंटन यांनी काँग्रेसच्या क्षमायाचनेच्या ठरावावर सही केली. हवाईयनांनी आपले सार्वभौमत्व स्वेच्छेने कधीही सोडलेले नाही आणि विलीनीकरणात १८ लाख एकर जमीन त्यांच्या संमतीविना, मोबदल्याविना गेली, हे त्यात लेखी मान्य केले आहे. त्याच ठरावाच्या शेवटी एक वाक्य आहे. या ठरावाने अमेरिकेविरुद्धच्या कोणत्याही दाव्याचा निपटारा होत नाही, असे ते सांगते. २००९ मध्ये हवाईच्या राज्य सरकारला ही जमीन विकण्यास या ठरावाचा अडथळा होतो का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने एकमताने ‘नाही’ म्हटले.

शाळांमधून हद्दपार झालेली भाषा मात्र हळूहळू परतते आहे. १९७८ च्या घटनादुरुस्तीने हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली. १९८४ मध्ये पालकांनीच हवाईयन माध्यमाची बालवाडी सुरू केली आणि १९८७ पासून सरकारी शाळांतही ते माध्यम आले.

आणि त्या २१ हजार सह्या? तो अर्ज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जवळजवळ शंभर वर्षे पडून होता. हवाईत त्याची आठवणही पुसट झाली होती. आपल्या पूर्वजांनी विलीनीकरण मुकाट्याने स्वीकारले, असेच पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले. १९९६ मध्ये नोएनोए सिल्वा या हवाईयन अभ्यासिकेला ती पाने तेथे सापडली. ती हवाईत आणून प्रदर्शनात मांडली, नावे छापली, तेव्हा लोक आपल्या पणजा-पणजींच्या सह्या शोधण्यासाठी येऊ लागले. ५५६ पानांत स्त्रियांच्या सह्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या, आणि प्रत्येक सहीपुढे वय लिहिलेले.