कार्बुरेटर, इंजेक्शन आणि दुरुस्ती करणारा हात



प्रताप नगरच्या श्रोत्यांपुढे उभे राहण्याइतकी विद्वत्ता माझ्याजवळ नाही. माझी शाळा म्हणजे गॅरेजमधला खड्डा. डोक्यावर गाडी, हातात पाना, आणि अंगावर गळणारे काळे तेल. पुस्तके नंतर भेटली, आणि संघटनेचे काम त्याहून नंतर. म्हणून आज मी माझ्या खड्ड्यातलाच विषय घेऊन आलो आहे. रानावनात चालणाऱ्या गाडीला कार्बुरेटर बरा की इंजेक्शन बरे? हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काहींना वाटेल. पण ज्याच्या घरची चूल त्या गाडीच्या चाकावर पेटते, त्याला विचारून पाहा.

असाच एक चालक एका उन्हाळ्यात माझ्याकडे आला. ताडोब्याच्या एका प्रवेशद्वारावर त्याची जुनी जिप्सी चालते. कर्ज काढून घेतलेली. सकाळच्या फेरीत पर्यटक बसलेले असताना ती बंद पडली. जवळपासच्या मिस्त्रीला दोष सापडेना. तीन दिवसांच्या फेऱ्या बुडाल्या. तो म्हणाला, “भाऊ, हे कॉम्प्युटरचं झंझट मले नको. काढून टाकतो अन् कार्बुरेटर बसवतो. तो मले समजते.”

“तो मले समजते” हे शब्द माझ्या मनात घर करून बसले.

जिप्सीचा इतिहास या प्रश्नाला फार सोयीचा आहे, कारण एकाच गाडीने दोन्ही संसार केले. १९८५ साली मारुतीने ती आणली तेव्हा तिचे इंजिन ९७० सीसीचे होते आणि त्यावर कार्बुरेटर होता. १९९६ साली १३०० सीसीचे मोठे इंजिन आले, तेही कार्बुरेटरवरच. २००० साली नवे प्रदूषण-नियम लागू झाले आणि जिप्सीला इंजेक्शन मिळाले. तेवढ्याच आकाराच्या इंजिनाची ताकद साठ अश्वशक्तीवरून ऐंशीवर गेली. २०१९ पर्यंत सामान्य ग्राहकांसाठी ती बंदही झाली. म्हणजे आज जो चालक जिप्सी घेतो तो जुनीच घेतो, आणि निवड त्याच्यापुढे खरोखरीच उभी राहते.

कार्बुरेटर म्हणजे काय? एक लहानशी वाटी, तीत पेट्रोल, आणि पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट. आपल्या संडासातल्या पाण्याच्या टाकीत असतो, तसाच. इंजिन हवा ओढते. ती हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते आणि जाता जाता बारीक छिद्रातून पेट्रोल ओढून घेते. यात वीज नाही, गुपित नाही. कचरा अडकला तर उघडावे, फुंकर मारावी, पुन्हा बसवावे. रस्त्याच्या कडेला, एका पेचकसाने! गरिबाच्या यंत्राचा हा मोठा गुण आहे, आणि तो मी कमी लेखणार नाही.

पण वाटीतले पेट्रोल गाडीबरोबर कलते. नाल्याच्या उभ्या काठावर जीप चढली की कधी पेट्रोल सांडून इंजिन गुदमरते, कधी छिद्र कोरडे पडून ते थांबते. उंचीवर आणखी निराळे. लेहला हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोनतृतीयांश. हवा विरळ झाली तरी कार्बुरेटर आपल्या जुन्याच हिशेबाने पेट्रोल देतो आणि काळा धूर निघतो. आणि आपला नागपुरी मे महिना! पंचेचाळीस अंशांत पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी उभी राहते. पंपावर ओले फडके गुंडाळून बसलेले चालक तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील.

इंजेक्शनमध्ये पंप बहुधा पेट्रोलच्या टाकीतच असतो. तो पेट्रोल दाबाखाली पाठवतो, त्यामुळे वाफ सहसा अडवत नाही आणि चढाचा कलही बाधत नाही. किती हवा आली, इंजिन किती तापले, हे सेन्सर सांगतात आणि संगणक त्या मापाने पेट्रोल सोडतो. पूर्ण ज्वलनाला एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमके राखले तरच धूर शुद्ध करणारे धुराड्यातले यंत्र नीट काम करते. आणखी एक गोष्ट. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, म्हणून मिश्रण पातळ होते. संगणक ते काही मर्यादेपर्यंत सावरून घेतो. कार्बुरेटरला ते कळतच नाही. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या व वायसर मात्र दोन्ही प्रकारांत तपासावेच लागतात.

मग इंजेक्शन निर्दोष आहे का? मुळीच नाही. बॅटरी पार उतरली तर पंप जागा होत नाही आणि धक्का मारूनही उपयोग नसतो. एका तारेच्या टोकावर गंज चढला की धडधाकट इंजिन आडवे पडते. आणि दोष डोळ्यांना दिसत नाही. खरा वाद येथे आहे. कार्बुरेटर बिघडला तर मिस्त्री राजा असतो. इंजेक्शन बिघडले तर तोच मिस्त्री हात बांधून उभा राहतो. त्याची वीस वर्षांची कारागिरी एका सकाळी निकामी ठरते.

मित्रहो, नागपूरला हे दुःख नवे नाही. आपल्या एम्प्रेस मिलने जुन्या पद्धतीची चाती सोडून रिंग चाती फार लवकर स्वीकारली, असा तिचा लौकिक होता. तीच गिरणी २००२ साली बंद झाली. नवे यंत्र आणणे हे पुरेसे नसते; यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचे काय होते, हे विचारणारा कोणीतरी लागतो.

त्या चालकाला मी म्हटले, “थांब, आधी गाडीलाच विचारू.” त्या काळच्या पुष्कळ इंजेक्शन गाड्यांत तपासणीच्या जोडणीतली ठरावीक दोन टोके तारेने जोडली की इशाऱ्याचा दिवा मोजून लुकलुकतो. त्या लुकलुकीचा आकडा म्हणजे दोषाचा क्रमांक. आम्ही दोघे व मिस्त्री कागद घेऊन बसलो. दिव्याने एका सेन्सरकडे बोट दाखवले. त्याच्या जोडणीत हिरवा गंज होता. खरवडून साफ केला आणि गाडी चालू झाली. तीन दिवसांची मजुरी गेली ती संगणकामुळे नव्हे, तर इंग्रजी पुस्तकातले एक पान आमच्या मिस्त्रीपर्यंत पोहोचले नव्हते म्हणून!

त्यानंतर आम्ही रविवारचा अभ्यासवर्ग सुरू केला. दोषांचे क्रमांक मराठीत लिहून गॅरेजच्या भिंतीवर रंगवले. इंजेक्शन काढून कार्बुरेटर बसवण्याचा विचार त्या चालकाने सोडला. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ गाडीत असा मनमानी बदल करू देत नाही, हेही त्याला कळले.

म्हणून माझे उत्तर साधे आहे. चांगला कार्बुरेटर पदरी असेल तर तो सांभाळा, फेकू नका. नव्याने निवडायचे असेल तर इंजेक्शन निवडा. तो धूर फाटकावरचा वनरक्षक आणि खड्ड्यातला पोऱ्या रोज छातीत घेतो. परंतु घेताना विचारा, दुरुस्तीचे पुस्तक कोठे आहे, आणि ते कोणत्या भाषेत आहे? यंत्राला आपल्या अज्ञानापर्यंत खाली ओढू नका. आपले ज्ञान यंत्रापर्यंत वर न्या. आणि जे ते ज्ञान कुलपात ठेवतात, त्यांच्याकडे किल्ली मागा. एकट्याने मागितली तर मिळणार नाही. सगळ्यांनी मिळून मागा.