घरातले लाकूड



शेलूबाजारात काय किंवा वाशिमात काय, जुने घर पाडायला काढले की पहिले गिऱ्हाईक येते ते लाकडाचे. सागाचे खांब, तुळया, चौकटीसकट दार, सगळे गाडीत चढते. त्या दारातून घरधन्याची आजी नवरी होऊन आत आलेली असते, पण तेवढे भावात धरत नाहीत.

आम्ही धाब्याच्या घरांचे गोडवे गायला उभे नाही. वऱ्हाडच्या उन्हात ती घरे थंड राहत, ती मुख्यतः जाड भिंतींच्या आणि माळवदावरच्या मातीच्या जोरावर. लाकडाकडे भार तोलण्याचे काम. शिवाय त्याला वाळवी लागते, आग लागते. पुण्याच्या शनिवारवाड्याची १८२८ साली काय गत झाली, हे आपण जाणताच.

मग लाकूड हवे कशाला? थंडीतल्या पहाटे दाराची लोखंडी कडी हाताची ऊब ओढून घेते, शेजारची सागाची फळी तशी ओढत नाही. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. आत हवा कोंडलेली, म्हणून उष्णता त्यातून सावकाश जाते. जपानातील चिबा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८ विद्यार्थिनींनी डोळे मिटून ओकचे लाकूड, संगमरवर, फरशी आणि पोलाद यांवर ९०-९० सेकंद तळहात ठेवला. लाकडावर हात असताना मेंदूच्या पुढील भागाची धावपळ मंदावली आणि शरीराला विसावा देणारे मज्जातंतू अधिक कामाला लागले. अठरा जणींवरून जगाचा निकाल लावू नये, हे खरे. पण आपल्या पूर्वजांची साक्षही तिकडेच झुकते.

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरविले. त्याच डोंगरात १९ आणि २६ क्रमांकांच्या चैत्यगृहांच्या छताला दगडी फासळ्या आहेत. अखंड कातळाला फासळ्यांचा आधार कशाला लागतो? कार्ल्याला मात्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खऱ्या लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत. आम्हांस वाटते, लाकडाच्या छताखाली बसून मनाला जी स्वस्थता येई, ती दगडातही सोडवेना.

स्लॅब खुशाल घाला. जिथे हात पडतो, पाठ टेकते, तिथे मात्र लाकूड ठेवा: जिन्याचा कठडा, झोपाळ्याची फळी, दार. जुने दार विकण्याआधी सुताराला दाखवा. रंधा फिरवला की आतला साग पुष्कळदा ठणठणीत निघतो. ते नव्या घरात बसत नसेल, तर दार कापू नका, गवंड्याला भिंतीतली जागा मोठी ठेवायला सांगा.