मैत्रीची पहिली अट



जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्यात लेगोलस हा एल्फ आणि गिमली हा ड्वार्फ. दोन्ही जमातींत जुने वैर. लेगोलसच्या वडिलांनी तर गिमलीच्या वडिलांना कैदेत टाकले होते.

प्रवासात एल्फांचे लॉथलोरियन वन लागते. पहारेकरी म्हणतात, एकट्या गिमलीचे डोळे बांधा. गिमली साफ नकार देतो. तेव्हा नेता अ‍ॅरागॉर्न निवाडा देतो, बांधायचे तर सर्वांचेच डोळे बांधा. लेगोलस चिडतो, कारण वन त्याच्याच भाईबंदांचे! पण अखेर तोही पट्टी बांधून चालतो. पुढे राणी गॅलाड्रिएल गिमलीशी सन्मानाने बोलते. त्यानंतर लेगोलस त्याला सोबत घेऊन वनात हिंडू लागतो. अपमान एकट्याच्या वाट्याला होता, तोवर मैत्री जुळली नाही, हे ध्यानात घ्या.

गिमलीला गुहा प्रिय, लेगोलसला अरण्य. युद्धानंतर दोघे वचनाप्रमाणे एकमेकांची आवडती ठिकाणे पाहतात. कोणालाही आपले स्वत्व सोडावे लागत नाही.

स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितले. बंधुता म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे. विद्यार्थ्यांनो, वसतिगृहात वा कचेरीत एकट्यालाच वेगळी अट घातली गेली, तर ‘सर्वांना लावा, नाहीतर कोणालाच नको’ असे म्हणणारा मित्र व्हा.

जयभीम! नमो बुद्धाय!